एकवीसचा डाव: नियम शिकून नेमकं काय हाती लागतं?

ब्लॅकजॅकच्या टेबलावर ताणलेल्या हिरव्या कापडावर सहसा तीन ओळी छापलेल्या असतात. ब्लॅकजॅक लागला तर ३ ला २ या दराने पैसे, ही पहिली. डीलरने १६ पर्यंत पान घ्यायचं आणि १७ ला थांबायचं, ही दुसरी. इन्शुरन्सला २ ला १, ही तिसरी. नवखा माणूस या ओळी नक्षीसारख्या पाहतो, शेजारच्याला दोन-चार गोष्टी विचारतो आणि दहा मिनिटांत खेळायला लागतो. खेळ आला, असं त्याला वाटतं. खरं तर जो भाग आला तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी कामाचा.

कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ शिकणं तीन पायऱ्यांचं असतं. पानं कशी वाटतात आणि जिंकलं-हरलं कसं ठरतं, ही पहिली पायरी. हातात अमुक पानं असताना काय करणं योग्य, ही दुसरी. हे टेबल जिंकणाऱ्याला किती देतं आणि हरणाऱ्याकडून किती घेतं, म्हणजेच खेळाचा भाव काय, ही तिसरी. लोक पहिल्या पायरीवर थांबतात, हौशी अभ्यासू दुसरीपर्यंत जातात, कॅसिनोचा धंदा तिसरीवर चालतो. ब्लॅकजॅक हे याचं उत्तम उदाहरण, कारण या खेळाइतका गणिती अभ्यास कॅसिनोतल्या दुसऱ्या क्वचितच कुठल्या खेळाच्या वाट्याला आला असेल.

दहा मिनिटांचा भाग

राजा, राणी, गुलाम यांची किंमत दहा. एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. बाकीची पानं अंकांप्रमाणे. चिन्हाला, म्हणजे इस्पिक-बदाम-किल्वर-चौकटला, काही किंमत नाही. प्रत्येक खेळाडूला दोन पानं मिळतात, डीलरचं एक पान उघडं असतं. आपली बेरीज डीलरपेक्षा जास्त हवी, पण २१ ओलांडता कामा नये. ओलांडली तर ‘बस्ट’, पैसे तिथेच गेले. बेरीज सारखी आली तर लावलेली रक्कम परत. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान आलं, तर तो ब्लॅकजॅक.

आपल्या पाळीला पर्याय मोजकेच. आणखी पान मागणं म्हणजे हिट, थांबणं म्हणजे स्टँड. रक्कम दुप्पट करून एकच पान घेणं म्हणजे डबल. सारख्या किमतीची दोन पानं आली तर त्यांचे दोन स्वतंत्र हात करणं म्हणजे स्प्लिट. हे तोंडाने सांगून भागत नाही, हाताने दाखवावं लागतं: पान हवं तर टेबलावर बोट टेकवायचं, नको तर तळवा आडवा फिरवायचा. वरच्या कॅमेऱ्यात आवाज नसतो, वाद झाला तर खूण हाच पुरावा. त्याच कारणाने नोटा डीलरच्या हातात देत नाहीत, टेबलावर ठेवतात.

रमी किंवा तीन पत्ती खेळून आलेल्याला इथे एक सवय मोडावी लागते. घरच्या डावात समोर माणूस असतो. तो चेहरा लपवतो, थाप मारतो, घाबरतो. ब्लॅकजॅकच्या डीलरला मनच नसतं. कापडावरची दुसरी ओळ त्याचा प्रत्येक निर्णय आधीच ठरवून ठेवते. त्याच्याशी डोकं लढवण्यात अर्थ नाही, आणि तो ‘फॉर्मात’ आहे म्हणून टेबल बदलण्यातही नाही.

मग डीलरचे नियम इतके उघडे असताना कॅसिनो कमावतो कुठे? पाळीच्या क्रमात. खेळाडू आधी खेळतो. तो बस्ट झाला की त्याचे पैसे लगेच उचलले जातात, आणि नंतर डीलरही बस्ट झाला तरी ते परत मिळत नाहीत. डीलरसारखंच खेळायचं ठरवलं, म्हणजे १६ पर्यंत पान घ्यायचं आणि १७ ला थांबायचं, तर दोघेही साधारण २८ टक्के वेळा बस्ट होतात. दोघे एकाच डावात बस्ट होण्याचं प्रमाण सुमारे आठ टक्के, आणि ते आठही टक्के कॅसिनोच्या गल्ल्यात जातात. ब्लॅकजॅकला दीडपट पैसे मिळतात, त्यातून सव्वादोन टक्क्यांच्या आसपास परत येतात. शिल्लक राहिलेली सुमारे साडेपाच टक्के ही कॅसिनोची आघाडी. शंभर रुपयांच्या प्रत्येक डावामागे सरासरी साडेपाच रुपये.

अनुभवातून का शिकता येत नाही

एकवीसच्या खेळाचा उल्लेख सर्व्हान्तेसच्या १६१३ मध्ये छापलेल्या एका कथेत आहे. पुढे फ्रान्समध्ये तो लोकप्रिय झाला, अमेरिकेत गेला, आणि १९३१ मध्ये नेव्हाडाने जुगार कायदेशीर केल्यावर कॅसिनोंत स्थिरावला. मात्र हा खेळ बरोबर कसा खेळावा हे छापून आलं १९५६ मध्ये. जवळजवळ साडेतीनशे वर्षं असंख्य लोक तो पैसे लावून खेळत होते, त्यांना ते का उमगलं नाही?

उत्तर हिशेबात आहे. समजा एक जण दर डावाला ५०० रुपये लावतो आणि तासाला साठ डाव खेळतो. तासाभरात त्याने ३० हजार रुपये फिरवले. अर्ध्या टक्क्याच्या आघाडीने त्याचा सरासरी तोटा दीडशे रुपये, अडीच टक्क्यांच्या आघाडीने साडेसातशे. पण निव्वळ नशिबामुळे त्या एका तासात रक्कम साडेचार हजारांनी वर किंवा खाली जाणं अगदी सामान्य. इतक्या मोठ्या चढ-उतारात सहाशे रुपयांचा फरक दिसणारच नाही. दोन टक्क्यांचा फरक नुसत्या निकालांवरून खात्रीने ओळखायचा तर दहा-पंधरा हजार डावांची नोंद ठेवावी लागेल. चुकीचं खेळणारा जिंकून उठतो, बरोबर खेळणारा हरून उठतो, आणि दोघेही चुकीचा धडा घेऊन घरी जातात.

टेबलावरच्या समजुती इथूनच जन्मतात. शेवटच्या खुर्चीत बसलेल्याने नको तेव्हा पान घेतलं म्हणून डीलरचा हात सुधारला, हा त्यातला सगळ्यात चिवट समज. त्याने घेतलेलं पान डीलरला तारणारं असण्याची शक्यता जितकी, तितकीच बुडवणारं असण्याचीही. पण ज्या डावात आपण हरलो तो लक्षात राहतो, आणि दोष द्यायला शेजारी माणूस बसलेलाच असतो.

पावणेतीनशे चौकटींचा तक्ता

हे धुकं टेबलापासून दूर बसलेल्यांनी हटवलं. मेरीलँडमधल्या अबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड या अमेरिकी लष्करी तळावर असलेल्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर प्रत्येक हाताची आकडेमोड केली. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५६ मध्ये त्यांचा निबंध आला. निव्वळ योग्य निर्णय घेतले तर कॅसिनोची आघाडी एका टक्क्याच्याही आत येते, असं त्यांनी दाखवलं. पुढे संगणकांनी त्यांच्या आकड्यांत किरकोळ सुधारणा केल्या, गाभा तोच राहिला.

त्यातून आलेल्या पद्धतीला ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणतात. उभ्या बाजूला आपला हात, आडव्या बाजूला डीलरचं उघडं पान, अशा सुमारे पावणेतीनशे चौकटी भरतात. ऐकायला प्रचंड वाटतं, पण बराचसा तक्ता एकाच विचारावर उभा आहे. डीलरचं उघडं पान दुर्रीपासून छक्कीपर्यंत असेल तर तो अडचणीत आहे. छक्की असताना तो सुमारे ४२ टक्के वेळा बस्ट होतो. अशा वेळी १२ ते १६ वर आपण थांबायचं आणि त्याला धडपडू द्यायचं. (अपवाद १२ चा: डीलरकडे दुर्री-तिर्री असेल तर पान घ्यायचं.) त्याचं पान सत्तीपासून एक्क्यापर्यंत असेल तर आपला हात १७ होईपर्यंत पान मागायचं. अकरा आले तर बहुतेक वेळा डबल. एक्के आणि अठ्ठ्या आल्या तर स्प्लिट. दोन दश्शा किंवा दोन पंज्या कधीच फोडायच्या नाहीत.

या तक्त्यातली सगळ्यात बोलकी चौकट म्हणजे आपले १६ आणि डीलरचं दहा. पान घ्या नाहीतर थांबा, रुपयामागे पन्नास पैशांहून थोडं अधिक जाणारच. पान घेतलं तर तोटा किंचित कमी, इतकंच. दोन अठ्ठ्या फोडणंही अनेकदा जिंकण्यासाठी नसतं, १६ घेऊन बसण्यापेक्षा कमी हरावं म्हणून असतं. बेसिक स्ट्रॅटेजी शिकणाऱ्याला इथे पहिला धक्का बसतो: तक्त्यातले बरेचसे सल्ले हे कमी हरण्याचे सल्ले आहेत. तक्ता तंतोतंत पाळला आणि नियम चांगले असले, तर आघाडी साडेपाचवरून अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरते. शून्यावर येत नाही. म्हणूनच अमेरिकेतले अनेक कॅसिनो हा तक्ता भेटवस्तूंच्या दुकानात विकतात आणि टेबलावर समोर ठेवूनही देतात.

मोजणारे आणि त्यांना मिळालेलं उत्तर

अर्ध्या टक्क्याची भिंत ओलांडायची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला अनोळखी नाही. वनपर्वातल्या नलोपाख्यानात पुष्कराकडून राज्य हरलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी होतो. विदर्भाकडे जाताना ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने सांगतो, नळ झाड तोडून मोजतो, आकडा जुळतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय शिकवतो आणि नळ राज्य परत जिंकतो. मोजता येणं आणि द्यूत जिंकणं यांची ही सांगड लक्षणीय आहे. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी १९७५ मधल्या ‘द इमर्जन्स ऑफ प्रॉबॅबिलिटी’ या ग्रंथात तिची दखल घेतली आहे.

ब्लॅकजॅकचा ऋतुपर्ण म्हणजे एडवर्ड थॉर्प. चौघांचा निबंध वाचून त्यांच्या लक्षात आलं की हा खेळ रुलेटसारखा दर वेळी नव्याने सुरू होत नाही. वाटलेली पानं पुन्हा पिसेपर्यंत कॅटमध्ये परत जात नाहीत. लहान पानं बरीच निघून गेली की उरलेल्यांत दहाची पानं आणि एक्के यांचं प्रमाण वाढतं. मग ब्लॅकजॅक जास्त लागतात, आणि १६ पर्यंत पान घ्यायलाच बांधलेला डीलर जास्त वेळा बस्ट होतो. अशा क्षणी रक्कम वाढवायची, एरवी किमान ठेवायची. थॉर्प यांनी एमआयटीतल्या आयबीएम ७०४ या संगणकावर हे पडताळलं. १९६१ मध्ये त्यांचा निबंध अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या नियतकालिकात क्लॉड शॅनन यांच्यामार्फत आला, आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक. पुढे हाय-लो ही सोपी पद्धत रूढ झाली: दुर्री ते छक्की निघाली की अधिक एक, दहाचं पान किंवा एक्का निघाला की उणे एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य.

कॅसिनोंचं उत्तर पाहण्यासारखं आहे. एप्रिल १९६४ मध्ये लास व्हेगसच्या हॉटेलांनी एकत्र येऊन नियम कडक केले: डबल फक्त अकरावर, एक्के फोडायला बंदी. पानं मोजणं कधीच न जमलेले नेहमीचे खेळाडूही रागावून उठून गेले आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आले. त्यातून कॅसिनो शहाणे झाले. पुढचे बदल त्यांनी गिऱ्हाइकाच्या नजरेत न भरणारे केले. एका कॅटऐवजी सहा-आठ कॅट एकत्र, मध्येच पिसणं, सतत पिसणारी यंत्रं. मोजणाऱ्याला बाहेर काढणं हा दुसरा मार्ग. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये केन अस्टन यांच्या खटल्यात कॅसिनोला तसं परस्पर करता येणार नाही असा निकाल दिला, नेव्हाडात मात्र कॅसिनो मोजणाऱ्याला आजही टेबलावरून उठवू शकतात. आणि सगळं जमलं तरी मोजणाऱ्याची आघाडी एखाद्या टक्क्याची. तेवढ्यासाठी तासन्‌तास चूक न करता मोजायचं, चेहरा कोरा ठेवायचा आणि मोठी पडझड सोसेल इतकं भांडवल बाळगायचं. हा छंद राहत नाही, खडतर नोकरी होते.

कापडावरचा भाव

आता त्या तीन ओळींकडे वळू. पहिली ओळ अनेक टेबलांवर हळूच बदलली आहे: ३ ला २ च्या जागी ६ ला ५. आकडे मोठे दिसतात, पैसे कमी मिळतात. पाचशेच्या डावात ब्लॅकजॅक लागला तर ७५० ऐवजी ६०० रुपये. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा लागत असल्याने या एका बदलाने आघाडी जवळपास १.४ टक्क्यांनी वाढते. महिनाभर तक्ता पाठ करून अर्ध्या टक्क्यावर आलेला माणूस अशा टेबलावर बसला की दोन टक्क्यांच्या जवळ जातो, आणि त्याला कळतही नाही.

दुसऱ्या ओळीत खोच आहे ती एक्का-छक्कीच्या सतराची. डीलर त्यावर थांबत असेल तर बरं, पान घेत असेल तर खेळाडूचं सुमारे ०.२ टक्के नुकसान.

तिसरी ओळ डीलरचं उघडं पान एक्का असताना जिवंत होते. ‘इन्शुरन्स घेणार?’ असा प्रश्न येतो. खरं तर यात कसलाच विमा नाही, डीलरचं झाकलेलं पान दहाच्या किमतीचं आहे यावर लावलेली ती वेगळी पैज आहे. दोनास एक मिळतात म्हणजे ती ३३.३ टक्के वेळा लागायला हवी. सहा कॅट धरले तर उरलेल्या ३११ पानांत दहाची ९६, म्हणजे ३०.९ टक्के. पैजेवरची आघाडी ७.४ टक्के. चांगला हात आला असताना तो ‘वाचवण्यासाठी’ इन्शुरन्स घेणारे हुशार लोकही यात सापडतात. जोड्यांच्या आणि रंगांच्या बाजूच्या पैजा बहुधा अर्ध्या टक्क्याहून कितीतरी महाग असतात.

शेजारच्या टेबलांवर हेच तत्त्व वेगळ्या रूपात दिसतं. बाकारामधले तिसऱ्या पानाचे नियम ब्लॅकजॅकपेक्षा किचकट, पण खेळाडूला निर्णयच नसल्याने ते पाठ करून उपयोग शून्य. तिथे तीन आकडे पुरतात: बँकरवर आघाडी १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४, टायवर १४.३६. उलट थ्री कार्ड पोकरला तीन पत्तीचा सराव असलेला माणूस आत्मविश्वासाने बसतो आणि क्रमवारीतच फसतो. आपल्या तीन पत्तीत तीन सारखी पानं सर्वोच्च. पण २२,१०० शक्यतांत ती ५२ वेळा येतात आणि एकाच रंगातली ओळीची तीन पानं ४८ वेळाच. जे दुर्मीळ ते वरचं, या न्यायाने थ्री कार्ड पोकर ओळीला वर ठेवतं.

मांडवीवरचं टेबल

मराठी वाचकाला कॅसिनोचं सगळ्यात जवळचं टेबल गोव्यात. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणण्याची सोय झाली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलाचे खेळ आले. म्हणून माणूस पानं वाटतो ते टेबल मांडवीतल्या बोटींवर. खुद्द गोवेकरांना २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले.

कायद्यात एक गंमत दडली आहे. सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानलं, ते त्यात पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात म्हणून, आणि तीन पानांच्या डावाला नशिबाच्या बाजूला ठेवलं. पडलेली पानं लक्षात ठेवणं हेच थॉर्प यांनी ब्लॅकजॅकमध्ये केलं. न्यायालयाने ज्याला कौशल्य म्हटलं, ते दाखवलं की कॅसिनो माणसाला उठवतो.

इथला भावही निराळा. कॅसिनोत चिप्ससाठी मोजलेल्या रकमेवर वस्तू आणि सेवा कर लागतो: ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. जिंकून पुन्हा लावलेल्या चिप्सवर तो दुसऱ्यांदा लागत नाही. तो पाहुण्याकडून वेगळा घेतात की प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मुरवतात, हे दारातच विचारायला हवं. शिवाय पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर सरसकट ३० टक्के, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. आज पाच हजार जिंकले, उद्या पाच हजार हरलो, तर खिशाच्या हिशेबात शून्य आणि कराच्या हिशेबात पाच हजारांचं उत्पन्न. थॉर्प यांचं एका टक्क्याचं गणित या करांपुढे टिकत नाही. अर्ध्या टक्क्यासाठी तक्ता घोकणाऱ्याने चाळीस टक्क्यांकडे काणाडोळा करण्यात शहाणपण नाही.

मग शिकावं का?

शिकावं, पण क्रम उलटा ठेवून. आधी भाव: ब्लॅकजॅकला काय देता, एक्का-छक्कीवर डीलर काय करतो, कर कोण भरतो. मग निर्णय: घरी कॅट घेऊन आधी साध्या बेरजा, मग जोड्या, शेवटी एक्क्याचे हात. वाटायची रीत सगळ्यात शेवटी, ती टेबलावर पाहूनही कळते. बहुतेक लोक नेमके याच्या उलट जातात आणि भाव कळण्याआधी चिप्स विकत घेतात.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. तक्ता आघाडी कमी करतो, हाव कमी करत नाही. हरलेले भरून काढायला रक्कम वाढवत जाणाऱ्याला बेसिक स्ट्रॅटेजी वाचवत नाही. फक्त तो थोडा सावकाश बुडतो, आणि आपण अभ्यास करून खेळतोय या समजुतीने जास्त वेळ बसतो. तिथे उपाय पत्त्यांच्या पुस्तकात नाही, डॉक्टरकडे आणि घरच्यांकडे आहे.

बाकीच्यांसाठी या शिक्षणाचं मोल टेबलाबाहेर अधिक आहे. पैसे न लावता, घरच्या कॅटवर, दहावीतल्या मुलालाही ब्लॅकजॅक शिकवता येतो. १६ विरुद्ध दहाचा हात शंभर वेळा खेळून पाहिला की संभाव्यता, सरासरी आणि चढ-उतार या तिन्ही गोष्टी पुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा लवकर समजतात. आणि विमा, योजना, परतावा अशा शब्दांत कुणी ६ ला ५ चं टेबल पुढे केलं, तर ते ओळखता येतं. तीन ओळी नीट वाचायला शिकलेला माणूस कॅसिनोत गेला तर आपण त्या संध्याकाळचे किती पैसे देतोय हे जाणून बसेल, आणि बहुधा कमी वेळा बसेल.